कोण भरतंय ते बघ

संगणकावरचं काही पुसायची वेळ आली, की फरीदाआपा आधी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायच्या. पडद्यावर कर्सर उघडमीट करत असायचा, पाठीशी कुणीतरी घाई करत उभं असायचं, आणि आपा आपल्याच हातांवर बसून एकेक ओळ वाचत असायच्या. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, खोलीतल्या गारव्याने बाईंचे हात आखडले असावेत. एसी कमी करू का, असं मी विचारलं.

"एसीचं काय नाय रं," त्या मान न वळवता म्हणाल्या. "हे हात लय हुशार झालेत. डोक्याच्या आधी पळतात. म्हनून दाबून ठेवलेत."

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान मातीचं धरण आहे. एका कारखान्याने पाण्यासाठी बांधलेलं. नाव सांगत नाही. एका टोकाला जादा पाणी सोडायचा सिमेंटचा सांडवा आणि त्याला दरवाजे, बाजूच्या टेकाडावर आमचा नियंत्रण कक्ष. दरवाजे आणि भोंगे माझ्याकडे होते, सर्व्हर आपांकडे. धरणात पाणी किती चढलं, भिंतीच्या पायथ्याशी किती पाझरतंय, हे मोजणारी यंत्रं आपापले आकडे या सर्व्हरला पाठवत. दरवाजेही तोच हलवी आणि ते उघडायचे झाले की नदीकाठच्या खांबांवरचे भोंगे वाजवी. पूर्वी भोंग्यांसाठी हाताने दाबायचं एक लाल बटण होतं. नवी यंत्रणा आली तेव्हा ते काढून टाकलं. "बटन राहू द्या, साहेब. मशीनवर भरवसा ठेवा, पन घरदार सोपवू नका," असं आपा त्या वेळी म्हणाल्या होत्या. त्यावर सगळे हसले होते.

आपा खालापूरजवळच्या एका गावातल्या. वडील मीठ-मच्छीच्या व्यापारात होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, आणि मुलीला आईकडे ठेवून आपा एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथे युनिक्सचं मोठं यंत्र आलं. ते शिकायला पाठवलेले दोघे साहेब नोकरी सोडून परदेशी गेले आणि त्यांची जाडजूड पुस्तकं तेवढी मागे राहिली. आपांनी ती वाचली, मग रीतसर परीक्षा दिल्या. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. डोक्यावर ओढणी, पायात रबरी चप्पल. डबा उघडला की तांदळाची भाकरी आणि सुकट. तो वास साहेबाच्या केबिनपर्यंत जायचा आणि आपांना त्याची पुरेपूर कल्पना असायची.

यंत्राच्या पोटातली एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती. डिस्कचे भाग पाडलेले असतात आणि त्यातला एक भाग यंत्राचा स्वतःचा असतो. त्याच्यावरच ते उठतं, चालतं, आणि दिवसभर काय घडलं ते त्याच्यावरच लिहून ठेवतं.

"तो भाग भरला तर बंद पडतं का?" मी विचारलं.

"बंद पडलं तर बरं रं. मानसाला कळतं तरी. हे चालूच राहतं. फक्त नवीन काय लिहीत नाय, आनि लिहिल्याबिगर भोंगाबी वाजवत नाय. शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो, आनि आपल्याला वाटतं सगळं गपगार हाय."

हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. आमच्या खिडकीतून खाली नदीचं पात्र दिसायचं. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याचे लोक फार्महाऊसवरून तिथे उतरत, खडकांवर चटया टाकत, पोरं डोहात सोडत. त्याच्याच जरा खाली कातकऱ्यांची वाडी. तिथली बारकीबाई रोज पाण्यात उभी राहून मासे धरायची. या सगळ्यांचा भरवसा भोंग्यावर. भोंगा वाजला की उठायचं, नाही वाजला तर बसायचं.

श्रावणातला एक रविवार होता. आमच्याकडे कोवळं ऊन पडलं होतं, पण वर डोंगरावर काळं गच्च झालेलं. मी ड्यूटीवर होतो, आपांना सुट्टी होती. जेवणानंतर मी पडद्याकडे पाहिलं. पाण्याची पातळी सकाळी होती तेवढीच. बरं वाटलं. थोड्या वेळाने परत पाहिलं, तीच. बिडी ओढायला म्हणून बाहेर आलो आणि सांडव्याकडे नजर गेली. भिंतीवर रंगवलेली पट्टी असते, तिच्यावर पाणी पडद्यावरच्या आकड्याच्या कितीतरी वर चढलं होतं.

मी धावत आत आलो. मॅनेजर राजाध्यक्ष साहेब त्या दिवशी नेमके कक्षात होते. कंपनीने नुकतंच सर्व्हरच्या देखभालीचं काम पुण्याच्या एका ठेकेदाराला अर्धंमुर्धं देऊन ठेवलं होतं. त्याचा इंजिनिअर तिकडून तारेवरून आमच्या यंत्रात शिरला आणि फोनवर म्हणाला, "सिस्टिम पार्टिशन फुल झालंय. दोन मिनिटांत क्लीन करतो."

मी आपांना फोन लावला. "डिस्क भरलीय, पुण्याचा माणूस साफ करतोय," एवढंच बोललो. पलीकडून लगेच आवाज आला, "त्याला सांग, हात काढ. मी निघाले."

तो हात काढणारा नव्हता. सगळ्यात मोठी फाइल होती ती मापकांच्या नोंदींची, जिला लॉग म्हणतात. ती त्याने उडवली. जागा मोकळी झाली नाही. त्याने आणखी काहीबाही उडवलं. तरी पार्टिशन भरलेलंच. आता त्याच्या आवाजात घाम जाणवायला लागला. "रीस्टार्ट मारतो. सगळा सर्व्हर बंद करून चालू करू, होईल ठीक."

तेवढ्यात आपांची स्कूटर खाली थांबली. त्या जिना चढून आल्या, कुणाशी न बोलता सर्व्हरच्या पाठीमागे गेल्या आणि बाहेर जाणारी नेटवर्कची वायर ओढून काढली. पुण्याचा माणूस अर्ध्या वाक्यात तुटला.

"मॅडम, काय करताय काय!" साहेब ओरडले. "दरवाजे उघडायला हवेत. पाणी चढतंय!"

"चढतंय, ते दिसलं मला येताना." आपा खुर्चीत बसल्या. "सुहास, भोंगा वाजंल तेव्हा वाजंल. तू नदीवर जा. तोंडाने ओरड, पन एकालाबी पात्रात ठेवू नको. साहेब, पात्र मोकळं झाल्याचं हा कळवीस्तोवर दरवाज्याला हात लावायचा नाय."

मी निघताना मागे वळून पाहिलं. आपांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते आणि साहेब त्यांच्या डोक्याशी उभे राहून, "उडवा हो सगळं, काय बघत बसलात!" असं म्हणत होते.

नदीवर पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, नितळ. खडकावर एक मोठं कुटुंब बसलेलं. एकजण कलिंगड कापत होता. मी गाडीवरूनच ओरडलो, "उठा, वरून पाणी सोडणार आहेत!" त्यांच्यातला एक जाडसर गृहस्थ खांबावरच्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भोंगा कुठे वाजलाय? तिकडे बोर्डवर लिहिलंय, भोंगा वाजल्यावर बाहेर या." माणूस शहाणा होता. आम्हीच लावलेली पाटी त्याने नीट वाचली होती. त्याच्या पायाशी एक लहान मुलगी डोहात दगड टाकत होती.  मी परत ओरडलो, कुणी हललं नाही. भोंगा मुका होता आणि त्याच्या मुकेपणाला ते सुरक्षितता समजत होते.

मदत केली ती बारकीबाईने. ती खालच्या अंगाला पाण्यात उभी होती. माझं ओरडणं ऐकून तिने वर काळ्या झालेल्या डोंगराकडे पाहिलं आणि जाळं तसंच टाकून काठावर आली. येता येता तिने त्या मुलीला काखेत उचललं आणि चालायला लागली. मुलगी रडायला लागली, आई धावली, बाप शिव्या देत धावला, त्यांच्यामागे सगळं खटलं धावलं. ते काठ चढून वर आले आणि भोंगा वाजला. लांबलचक, सगळ्या खांबांवरून एकदम. मी साहेबांना फोन केला, पात्र मोकळं आहे. दरवाजे उघडले. पाणी आलं तेव्हा चटया, कलिंगड, खुर्च्या, बारकीबाईचं जाळं, सगळं एका लोंढ्यात गेलं. जाडसर गृहस्थ माझ्या शेजारी उभा होता. 

कक्षात परतलो तेव्हा आपा पाणी पीत होत्या. पेला दोन्ही हातांनी धरलेला. काय झालं होतं ते त्यांनी मला समजावलं. इंजिनिअरने फाइल उडवली खरी, पण ती लिहिणारा प्रोग्राम चालूच होता आणि त्याने ती घट्ट धरून ठेवली होती. नाव गेलं, जागा अडलेलीच राहिली.

"भाडेकरूचं नाव पाटीवरून खोडलं म्हनून खोली रिकामी होते काय? तो आत बसलाय की! तेवढ्या एकट्याला उठवायचा होता, बस." त्यांनी तो एकच प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला होता. जागा सुटली, भोंगे जागे झाले.

"मग इतका वेळ का लागला?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग होता, पण त्याच्यामागे भीती होती. माणूस वाईट नव्हता. वरच्यांना काय सांगायचं, या विचारात नेहमी बुडालेला असायचा.

"वेळ लागला कारन तुमच्या मानसाने काय काय उडवलं ते मी आधी बघत होते." आपांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "यंत्र सुरू होताना ज्या फायली लागतात, त्याबी त्याने जुन्या समजून काढल्यात. तो म्हनत होता तसा सगळा सर्व्हर बंद केला असता ना, साहेब, तर आज तो परत उठलाच नसता. ना भोंगा, ना दरवाजे."

साहेब खाली बसले.  आपांनी त्याच दुपारी जपून ठेवलेल्या प्रतीवरून त्या फायली परत जागेवर आणल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संध्याकाळी निघताना आपा मला म्हणाल्या, "इकडं ये जरा." लॉग पुन्हा भरायला लागला होता. ओळीमागून ओळ, सगळ्या एकसारख्या. भिंतीच्या पायथ्याशी बसवलेलं पाझर मोजणारं यंत्र सांगत होतं, मर्यादेबाहेर, मर्यादेबाहेर, मर्यादेबाहेर.

"जागा भरली म्हनून सगळे ओरडतात," त्या म्हणाल्या. "कोन भरतंय ते बघ."

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. मीही बरोबर होतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एक तर ते यंत्र बिघडलंय, नाहीतर भिंतीतून नको तेवढं पाणी येतंय. दोन्हीपैकी काय ते भिंतीशी जाऊन बघा, आणि तोवर धरण निम्मंच भरा. साहेबांनी ऐकून घेतलं, वरच्यांना कळवलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं ते खोक्यातून. पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी डिस्क होती ती.

आपा त्या खोक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात कोन कन्हत असंल तर वैद्याला बोलवतात. हे मोठं घर बांधून देतायत. म्हातारी हवं तेवढं कन्हत बसंल."

त्यांनी परत परत कळवलं. तालुक्याला अर्ज दिला. कुणीतरी येऊन धरण वरून बघून गेलं. गवत वाढलेलं होतं, पायथ्याशी उतरलं नाही. दिवाळीनंतर देखभालीचं सगळं काम ठेकेदाराकडे गेलं आणि आपांचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी डबा धुतला, चपला घातल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुकाट्याने नोकरी कर, पन डोळे मिटून नको," एवढंच बोलल्या.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की नवी डिस्क मुळीच भरत नाही. मला आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच भीती वाटली. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "ते एक सेन्सर फार कटकट करत होतं. त्याचे मेसेज बंद करून टाकले. आता सिस्टिम एकदम क्लीन आहे." मी ते आपांना फोनवर सांगितलं.  त्यांच्या मागे एक्स्प्रेस वेवरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"मशीनची बोलती बंद केली म्हनायची," त्या म्हणाल्या. "भिंतीची कोन करनार?"

त्यानंतर आपांनी जे केलं त्याला कुठल्याही कंपनीत नाव नाही. त्या स्कूटर काढून कातकरीवाडीत जायला लागल्या. बारकीबाईच्या ओट्यावर बसून बायकांना सांगायच्या, भोंग्याची वाट बघू नका, पाणी गढूळ झालं, पाला वाहून यायला लागला की उठा, पोरं उचला, टेकाडावर जा. बारकीबाई हसायची. "हे तं आमाला ठावं हाय, आपा. पन आमी झोपल्यावं पानी आलं तं?" त्यावर दोघींनी मार्ग काढला. धरणावरची बातमी बाहेर द्यायची नाही, असा कंपनीचा मला लेखी हुकूम होता. म्हणून पाणी चढायला लागलं की मी आपांना फोन करायचा, भाचा मावशीला करतो तसा, आणि नुसतं विचारायचं, "जेवलात का?" आपा समजायच्या आणि वाडीत बारकीबाईला फोन लावायच्या. त्या पावसाळ्यात वाडी बरेचदा टेकाडावर जाऊन बसली. बहुतेक वेळा काहीच झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून वाडीतल्या कुणी आपांना बोल लावला नाही.

थंडीत आपांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते अंगावर काढलं. मुंबईच्या इस्पितळात तपासणी झाली तोवर आजार पसरला होता. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो तर गालफडं बसलेली, डोळे तेवढे तसेच. मी रडवेला झालो. त्यांनी मला दटावलं. "मीबी तेच केलं बघ. आतून कोन बोलत होतं, मी गोळी घेऊन गप केलं. दुसऱ्याला शिकवायला सोपं असतं रं." मग मुलीला म्हणाल्या, "सुहासला चहा दे. साखर जास्त घाल, त्याला गोड लागतो."

होळीच्या सुमारास त्या गेल्या. दफनाला मी कब्रस्तानात गेलो, मूठभर माती दिली. परत आपांच्या घराशी आलो तर अंगणाच्या कडेला, चाफ्याखाली, बारकीबाई एकटीच उभी होती. वाडीपासून चालत आली होती. आत बायकांमध्ये जायला लाजत होती. आपांच्या मुलीने तिला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. ती थोडा वेळ बसली आणि बाहेर आली. मला पाहून थांबली.

"आपा गेली," ती म्हणाली. "आता आमाला उठवनार कोन?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं, रडूनही नाही. पाऊस यायला वेळ होता. अंगणात ऊन पडलं होतं, पलीकडे लोक चपला शोधत होते. मला कंपनीचा कागद आठवला, घरचं कर्ज आठवलं, बायको आठवली. मी खिशातला मोबाइल काढला आणि म्हणालो, "तुझा नंबर सांग, बाई."

तिला पाठ नव्हता. मी माझा नंबर तिच्या फोनवरून फिरवला, माझ्या हातातला फोन वाजला, आणि तिने मान हलवून चालायला सुरुवात केली.

धरण उभं आहे. कक्षातल्या पडद्यावर सगळं हिरवं असतं. परवा दुपारी वर काळं झालं तेव्हा मी बारकीबाईला फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावला, घंटा वाजत राहिली. साहेब समोर बसले होते. मी उठलो. "कुठे निघालास?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वाडीत." ते माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जा. लवकर जा."